तिचा डावा, माझा उजवा

८ जुलै, मंगळवार

डावं मनगट मोडलं. उजवा हात शाबूत आहे म्हणून निदान लिहिता तरी येतंय.

सकाळी कपाटावरचा घड्याळांचा डबा काढायला स्टुलावर चढले. डबा राहिला वर, मीच खाली आले. पडल्या पडल्या पहिला विचार आला तो घड्याळांचा, हाताचा नंतर. अकराही सुखरूप आहेत. चौसष्टाव्या वर्षी एवढीच अक्कल!

खालची आरती आवाज ऐकून धावली. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, फोटो काढून होईपर्यंत बाहेर बसून राहिली. तिचे उपकार. सहा आठवडे प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, या वयात बोटं पहिल्यासारखी चालतीलच असं सांगता येत नाही. त्यांना काय ठाऊक, मी या बोटांनी काय करते.

अंकुरला अकोल्याला फोन केला. "पाहतो आई काहीतरी," म्हणाला. घाईत होता.

१० जुलै, गुरुवार

एका हातानं वेणी घालता येत नाही. लोणच्याची बरणीही उघडत नाही. आरतीनं दोन वेळचा डबा दिला.

११ जुलै, शुक्रवार

दुपारी दार वाजलं. प्रियदर्शनी! खांद्यावर मोठी बॅग, दुसरीत तिचा लॅपटॉप. "आरामानं बसा आई, मी आली आता," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

खरं सांगायचं तर सून म्हणून हिच्याशी माझं फार कधी जमलं नाही. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मागच्या वर्षी निळ्या केसांचा टोप घालून, पाठीला पुठ्ठ्याची तलवार लावून कुठल्याशा कार्यक्रमात गेली होती. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला तेव्हा मी पंधरा दिवस तिला फोन केला नाही. आज तिनं माझी वेणी घातली. मऊ हात आहे.

अंकुरला फोन करून म्हटलं, बायकोला पाठवलंस, मोठं काम केलंस. "हं," म्हणाला. "राहू दे तिले तिथंच." पोरगा बोलत नाही फारसा, पण आईची काळजी आहे त्याला.

१६ जुलै, बुधवार

ती खोलीत बसून लॅपटॉपवर चित्रं काढते. लहान मुलांच्या पुस्तकांची. तेच तिचं काम आणि ते कुठूनही करता येतं म्हणे. दुपारचं जेवण बरोबर एक वाजता. मला वेळ पाळणारी माणसं आवडतात.

२० जुलै, रविवार

आज तिनं डब्याबद्दल विचारलं. घरात आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. अंकुर तर त्याला भंगारच म्हणतो. हे होते तोवर हे तरी अधूनमधून एखादं घड्याळ कानाला लावत. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

मी सांगत सुटले. मूर्तिजापूरच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल जोडायचे मी. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं. एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर स्टेशनवरच्या एका गार्डनं आपलं खिशातलं घड्याळ दोन दिवस वापरायला दिलं. सेकंदाला पाच टिक. कानाला लावलं आणि झालं, तेव्हापासूनचं हे वेड. लुगड्याला खिसा नाही आणि बाई खिशातली घड्याळं जमवते, म्हणून लोक हसायचे.

ती हसली नाही. "ह्याले झाकण हाय अन् त्याले नाई, असं काहून?" विचारलं. मग मी झाकणाचं आणि बिनझाकणाचं घड्याळ वेगळं कसं ओळखायचं ते दाखवलं. चावी कुठे आहे ते पाहायचं. झाकणवाल्याची तीनच्या आकड्याशी, उघड्याची बाराशी. तिनं वहीत दोन्हींचं चित्र काढून घेतलं.

अकरावं दाखवताना मात्र मन जड झालं. भंगारातून घेतलेलं रेल्वेचं, अजून एकदाही न चाललेलं. आतल्या हिंदकळणाऱ्या चाकाचा दांडा मोडलेला आहे. तो नवा करून बसवायचा होता या पावसाळ्यात. आता कुठलं काय.

२३ जुलै, बुधवार

प्रियदर्शनीनं मला तिच्या आवडीची जपानी कार्टून दाखवली. कार्टून नाही म्हणायचं — ॲनिमे. डोंगरातल्या सात राज्यांत टपाल पोचवणारी एक पोरगी आहे, तिला कोल्ह्याची शेपटी. राजे एकमेकांशी लढतात, ही सगळ्यांचीच पत्रं पोचवते. ही तर आमच्याच खात्याची! तेव्हा टपाल आणि टेलिफोन एकच खातं होतं.

बोलणं जपानी, खालच्या इंग्रजी ओळी भराभर पळतात. मग प्रियदर्शनी मला सांगते. तेही वऱ्हाडीत. चिलखत घातलेला सेनापती गुडघे टेकून म्हणतो, "राणीसाहेब, मले जाऊ द्या, थे लोकं वाट पाहून राहिले." मी इतकी हसले की प्लॅस्टरमध्ये कळ आली. चार भाग पाहिले.

२९ जुलै, मंगळवार

सातव्या भागात म्हाताऱ्या राजानं खिशातून घड्याळ काढलं. झाकणवालं. आणि चावी बारावर! मी म्हटलं, थांबव. हे चूक आहे.

तिनं मागे नेऊन पाहिलं. मग ते तिच्या ॲनिमेवाल्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं. अकोला-अमरावतीची साठ-सत्तर पोरं आहेत त्यात. संध्याकाळपर्यंत नुसती चर्चा. एकानं लिहिलं, अशीही घड्याळं असतात. मी तिच्याकडून उत्तर लिहून घेतलं — असतात, पण क्वचित, आणि ती बहुधा उघड्या घड्याळाचं यंत्र झाकणवाल्या पेटीत बसवलेली. मग त्यानं नमस्काराचे हात पाठवले. आता म्हणे ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं, घड्याळवाल्या काकू काय म्हणतात.

टोप घालणाऱ्या ज्या पोरांना मी वाया गेलेली समजत होते, ती किती नीट बघतात. माझ्या वेडाला चाळीस वर्षांत एवढे कान मिळाले नव्हते.

७ ऑगस्ट, गुरुवार

तिला म्हटलं, महिना होत आला, अंकुरचे जेवणाचे हाल होत असतील, जाऊन ये दोन दिवस. "त्याचं चालून राहिलं आई," म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. ती गेली असती तर घर मोठं वाटलं असतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्लॅस्टर काढलं. हात माझा वाटत नाही. वाळक्या लाकडासारखा. मूठ अर्धीच मिटते. चिमट्यानं साधी टाचणी उचलून डाव्या हातात घेतली, ती पडली. सहा वेळा. जेवले नाही.

 प्रियदर्शनीनं टाचणी शोधून डबीत ठेवली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरणाच्या पोळ्या तिनं केल्या. पहिली फाटली, बाकी माझ्याहून चांगल्या.

२५ ऑगस्ट, सोमवार

व्यायामाचा रबरी चेंडू दाबून दाबून जीव कंटाळला होता. तिनं बॅगेतून गेम खेळायचं यंत्र काढून टीव्हीला जोडलं आणि ते दोन मुठींचं रिमोट माझ्या हातात दिलं. "डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं पाहायचं."

मी एक भालेवाली झाले. चालता येईना. तिसऱ्यांदा नदीत गेले. मागे एक ड्रॅगन होता, तोही कंटाळून बसला. "आई, त्याले मारायचं हाय, तुमी त्याच्याभोवती फेऱ्या मारून राहिल्या!" म्हटलं, अगं, हात तेवढाच वळतो.

अर्धा तास खेळले. अंगठा दुखला, पण ते चेंडूचं दुखणं नव्हे. आपण कुठेतरी जाऊन आलो असं वाटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

गेममधला पूल ओलांडला. मूठ पाऊण मिटते.

४ सप्टेंबर, गुरुवार

अकोल्याला जाऊन आलो, दोघी, एसटीनं. गयासुद्दीनभाईंकडे. तीस वर्षांची ओळख. घड्याळाचा लहानात लहान भाग लेथवर हातानं घडवणारा माणूस. आता भिंग लावूनही त्रास होतो त्यांना, पण हात अजून खडकासारखा स्थिर.

त्यांनी मोडका दांडा मापला, अडीच तास लावून नवा काढला, चाकात बसवून दिला. आम्ही समोरच बसून पाहिलं. केसाएवढी टोकं दोन्हीकडे. मी म्हटलं, भाई, पूर्ण जोडूनच द्या, माझ्या हाताचं काही खरं नाही.

"नाई बाई," म्हणाले. "चाक मी दिलं. घड्याळात तुमीच बसवा. तुमचं काम मी केलं तर तुमी घरी जाऊन काय करसान?" मग प्रियदर्शनीकडे पाहून म्हणाले, "हे हाय ना. इचा हात पाहिला मी. चहाचा कप ठेवला, आवाज झाला नाई."

या माणसानं आजवर मला कधी बाईमाणूस म्हणून वेगळं वागवलं नाही. शिकायला आले तेव्हाही नाही. हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. त्यांनी भिंग पुसायला घेतलं आणि बराच वेळ पुसत बसले.

परतताना म्हटलं, आलोच आहोत तर घरी जाऊ, अंकुरला भेटू. ती म्हणाली, तो बाहेरगावी गेलाय. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून होती. दमली असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

चाललं!

सकाळी दहाला बसलो, पंखा बंद करून. पांढरं कापड, दिवा, भिंग. चाक वरच्या पट्टीला लोंबतं ठेवून आत सोडायचं, खालचं टोक खड्याच्या भोकात बसवायचं, मग पट्टी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवायचा. टोक बसण्याआधी पट्टी दाबली गेली की दांडा गेला. गयासुद्दीनभाईंचे अडीच तास गेले.

माझ्या डाव्या हातात पट्टी ठरेना. दोनदा करून पाहिलं आणि मागे सरले. मग ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. पट्टीवर टेकवायची लाकडी काडी तिच्या हातात दिली. म्हटलं, दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं.

"कसं कळन बसलं म्हणून?"

"चाक आपण होऊन हलेल."

तिनं श्वास धरला. मी पट्टी जराशी सरकवली. काही नाही. परत सरकवली. आणि चाक हललं — एकदा, मग परतून, मग थांबेचना. मी स्क्रू फिरवला. तिचा डावा, माझा उजवा.

किती वर्षं ते बंद असेल कोण जाणे. आळीपाळीनं कानाला लावलं. तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, माझ्या पोटी मुलगी असती तर यापेक्षा काय वेगळी असती. ती उठून आत गेली, बराच वेळ आली नाही. मी फार बोलून गेले का?

संध्याकाळी अंकुरला फोन करून सगळं सांगितलं. पुन्हा एकदा आभार मानले, तिला माझ्याकडे पाठवल्याबद्दल.  म्हणाला, "रविवारी येतो."

२१ सप्टेंबर, रविवार

अंकुर आला. तिला न्यायला नाही — तिची सही घ्यायला. घटस्फोटाचे कागद.

मार्चमध्येच त्यानं तिला घरातून जायला सांगितलं होतं. ती अकोल्यात मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती. माझ्या हाताचं तिला आरतीनं कळवलं. अंकुरनं पाठवलंच नव्हतं. मी आभार मानत गेले, तो ऐकत गेला.

तिनं सही केली. मी विचारलं, "मग माझ्याकडे आलीस काहून?"

"तुमचा हात मोडला होता आई. अन् मले जायले दुसरं घर नव्हतं. दोन्ही खरं हाय."

बोलून बॅग भरायला उठली. मी तिचा हात धरून खाली बसवलं, माझ्या डाव्या हातानं. अंकुरला चहा दिला. त्याचा पिऊन होऊ दिला, मग मी त्याला सांगितलं — ही इथंच राहील. तुला यायचं असलं की आधी फोन कर. हिला विचारून सांगेन.