पाहुण्या पाळकसाहेबांच्या येण्याबद्दल

सातारा परिसर, औरंगाबाद
७ सप्टेंबर २०१५

प्रभूमध्ये प्रिय व आदरणीय रिबकावन्सं यांना मार्थाचा सप्रेम सलाम.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या कमरेला उतार पडला आणि गंगापूरच्या नळाला दहा दिवसांनी का होईना पाणी आलं, हे वाचून बरं वाटलं. (कोणत्या बातमीनं जास्त, ते विचारू नका.) तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, दोन्ही वेळचं तुमच्याकडं जेवतात आणि पुन्हा वाढून मागतात, हेही कळलं. आम्ही मायलेकी खुशाल आहोत. मी जरा थकलेली आहे, पण ते आता खुशालीतच धरायचं.

जेमिमा एकटी शहरात कॉलेजला राहिली तर वर्षभरात विश्वास गमावून येईल, असं तुम्ही म्हणालात. मार्थानं सोबत राहावं, दर रविवारचा उपदेश पत्रानं कळवावा, आणि एक जरी रविवार चुकला तर कॉलेजातून पोरीचं नाव काढून तिला घरी आणावं, हा तुमचा हुकूम घेऊन जूनमध्ये आम्ही गोजरबाईंच्या या खोलीत आलो. तेव्हा आधी तिच्या विश्वासाची हकीगत. पहिल्याच आठवड्यात तिनं कॉलेजात डबा उघडला, डोळे मिटून उपकार मानले, आणि डोळे उघडले तर ऑम्लेट नाही. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी गेली, डबीसकट. तिसऱ्या दिवशी तिनं एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना केली आणि घरी येऊन रडली, की मी देवाला फसवलं. (मी म्हटलं, देवाला एक डोळा पुरतो. तिला ते पटलं नाही. मलाही नाही.) शेवटी तिच्या वर्गातली मनस्विनी म्हणाली, "तू दोन्ही मिट गं, मी डब्याकडं बघते." तेव्हापासून निवांत चाललं आहे. आता जेमिमा घाईत घास उचलायला लागली, तर ती मुलगीच हात धरते, "अगं, तुझं ते राहिलं!" मनस्विनीच्या घरी गणपती बसतात. तरी आपल्या पोरीच्या प्रार्थनेची राखण ती करते, हे तुमच्या महिला मंडळात सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

इथं बिल्डिंगा रोज उगवतात, पाणी उगवत नाही. कडुबाचा टँकर येतो तो फक्त रविवारी, आठ ते अकराच्या मधे केव्हाही. गोजरबाईंचा नियम असा, की पाइप धरायला जो हजर नाही त्याचे ड्रम कोरडे. मी एकदा कडुबाला म्हटलं, बाबा, वार तरी बदल. तर म्हणतो, "मावशी, हिरीला पाणी कवा येतं त्ये हिरीलाच इचारा." आणि गोजरबाई वर म्हणतात, "व्हय वो बाई, तुमचा देव कामून रविवारीच बोलावतो? सोमवारी भेटत नाय का?" मी हसले. पण तो प्रश्न आठवडाभर माझ्याबरोबर भांडी घासत होता.

आता मुद्द्याचं. १६ ऑगस्टचा मी कळवलेला उपदेश, काना गावच्या लग्नात सहा रांजण भरणाऱ्या नोकरांवरचा, तुम्ही महिला मंडळात वाचून दाखवला, दोघी रडल्या, आणि ४ ऑक्टोबरच्या हंगामाच्या सणाला त्याच पाळकसाहेबांना आणा असं पंचकमेटीनं ठरवलं. (या साली हंगाम कुठं आहे, हे कमेटीत कुणी विचारलं नाही, हाही विश्वासच.) वन्सं, ते येऊ शकणार नाहीत. माणूस फार साधा. चार जणांपुढं उभं राहायचं म्हटलं की त्यांचे ओठ सुकतात. गुडघेही दुखतात. रविवारी सकाळी त्यांच्यावर मोठी जबाबदारी असते, ती दुसऱ्यावर सोपवता येत नाही. तुम्ही त्यांचं शिक्षण विचारलंत. ते विचारू नका. घरचा जोडीदार स्वभावानं चांगला आहे, पण जेवणापलीकडं फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा कमेटीला नम्रपणे नकार कळवावा आणि आम्हाला प्रार्थनेत आठवावं.

तुमची भावजय,
मार्था

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत जेमिमानं पत्र वाचलं. म्हणाली, "मम्मी, मी नुसता एक डोळा उघडा ठेवला तर रडले होते. तू तर अख्खं पत्र खोटं लिहिलंस." म्हणून लिहिते. जूनपासून मी चर्चची पायरी चढलेली नाही. जेमिमा एकटी रिक्षानं छावणीतल्या चर्चला जाते, येऊन उपदेश सांगते, मी तो तुम्हाला लिहिते. १६ ऑगस्टला तिला सणकून ताप होता. ती निजलेली, मी पाइप धरून उभी, समोर माझे सहा निळे ड्रम. मनात आलं, कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, ते सगळे सांगतात. पण सहा रांजण काठोकाठ भरायला किती खेपा झाल्या, कुणाची कंबर धरली, हे कुणी विचारत नाही. ज्या प्रभूनं भरायला सांगितलं, त्यानं तरी बघितलं असेल. सहावा ड्रम भरेपर्यंत मला एकटं वाटलं नाही. इतक्या महिन्यांत तेवढंच. तोच तुमचा उपदेश. खोटं मी लिहिलं, शिक्षा मला करा. पोरगी तो तापाचा एक रविवार सोडता कधीच चुकली नाही. कॉलेजातून तिचं नाव काढू नका.

ता. क. दुसरा. जेमिमा म्हणते, नुसती कबुली काय कामाची, उपायही लिही. तर सणाला पाळक हवेतच असं कमेटीचं म्हणणं असेल, तर मी येते. ओठ सुकले तर सुकले. कोंबडी करू नका, भांड्यांना पाणी फार लागतं. फक्त त्या दिवशी इथं पाइप धरायला तुमच्या भावाला पाठवा. सकाळी सातच्या आत. आणि जेवू घालून पाठवा.