हाक पोचेल अशी करवत

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सौ.चा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वर्कशॉपमधल्या धुराबद्दल मी काही बोलणार नाही, तिनेच बोललेलं बरं.

इकडे बागेला खोडकिडा लागलाय. विहिरीकडची नासपतीची चार झाडं उभी वाळली. फुलं धरायच्या आत ती कापून जाळली नाहीत, तर किडा सगळ्या बागेत पसरेल आणि मग बाग गेलीच म्हणून समज. झाडं तोडणाऱ्याला निरोप दिला तर तो म्हणे वादळात पडलेली झाडं उचलतोय, महिनाभर सवड नाही. तेव्हा मीच कापणार आहे. हसू नकोस. खोड हे पाडायचे आणि फांद्या मी सोडवायचे, असं इतकी वर्षं चाललंच होतं.

अडचण एकच. ह्यांच्या पेट्रोलच्या करवतीचं मशीन चालू करायची दोरी माझ्या खांद्याने ओढवत नाही. दुकानातल्या बाई म्हणतात, बॅटरीचं घ्या, बटण दाबलं की चालू. मी दोन्ही मशीनची माहितीपुस्तकं आणली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढली. वजन कळलं, पात्याची लांबी कळली. साखळीला तेल दोन्हीकडे लागतंच, हेही कळलं. एक मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मशीन चालू असताना माणसाने मारलेली हाक ऐकू येते का? आवाज अमुक डेसिबल असं छापलंय, पण माणसाची हाक किती डेसिबलची असते? तू इंजिनांतच जन्म काढलास, तुला ठाऊक असेल.

उत्तर लवकर दे. आळस केलास तरी माया राहू दे.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सौ.ला वाचून दाखवलं. धुराचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. झालं समाधान?

आता कामाचं. बॅटरीचं मशीन म्हणजे नाटकातली तलवार. फांद्या छाटायला ठीक, पण खोडाला लावलंस की अर्ध्यात मान टाकेल, आणि अर्धं कापलेलं झाड म्हणजे डोक्यावर टांगलेला धोंडा. पेट्रोल संपलं तर ओतता येतं. बॅटरी संपली तर काय, झाडाला थांब म्हणणार? भावोजींचं मशीन माझ्याकडे पाठव. कार्बोरेटर साफ करतो, दोरी हलकी करून देतो. त्या मशीनला अजून वीस वर्षं मरण नाही.

हाक ऐकू येते का, हा काय प्रश्न झाला? काम करताना गप्पा मारायच्यात का तुला? खरं सांगायचं तर तू या भानगडीत पडूच नयेस. एप्रिलमध्ये मी येतोच आहे, तोवर मशीनला हात लावू नकोस.

रागावलीस तरी धाकट्यावरचा जीव आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

एप्रिलपर्यंत किडा तुझी वाट बघत बसणार नाही. आणि तुझं कार्बोरेटरशीच लग्न लागलंय, त्यामुळे बॅटरीबद्दल तुझी साक्ष मी धरत नाही. मीच तपासून पाहिलं.

दुकानातल्या बाईंनी बॅटरीचं मशीन एका दिवसासाठी दिलं. शेजारची नर्स मदतीला आली. तिने आवाज चढवला की अख्खा वॉर्ड उठून बसतो, म्हणून मुद्दाम तिलाच बोलावलं. पेट्रोलच्या मशीनची दोरीही तिनेच ओढून दिली आणि ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी कानांवर झाकणं चढवून ओंडका कापायला घेतला. मनात येईल तेव्हा हाक मार, असं तिला सांगून ठेवलं होतं.

मला काहीच ऐकू आलं नाही. काप पूर्ण झाला तेव्हा वर बघितलं. ती दोन्ही हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांताने ओरडत होती. तोंड हलताना दिसत होतं, एवढंच.

मग बॅटरीचं. कापताना हाक अस्पष्ट आली, पण आली. आणि बोट उचललं की मशीन एकदम मुकं. झाडावरचा पक्षीसुद्धा ऐकू येतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे गेले त्या दिवशी, ह्यांच्यावर फांदी आली तेव्हा मी फाटकातच होते. ती कलताना मला दिसली. मी ओरडत होते. ह्यांनी मान वळवली नाही. माझाच आवाज कमी पडला, असं मी तेव्हापासून धरून चालले होते. तुम्ही कुणी विचारलं नाहीत आणि मीही बोलले नाही. परवा नर्सचं नुसतं तोंड हलताना पाहिलं आणि मी ओंडक्यावर बसून घेतलं. तिचाही आवाज पोचला नव्हता. कुणाचाच पोचला नसता.

मशीन मी बॅटरीचंच घेणार. खोडाचं काय करायचं ते सांग. लोभ तर तुझा आहेच, आता थोडं ज्ञानही दे.

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून वर्कशॉप लवकर बंद केलं. मला येतं तेवढं लिहितो.

दोन बॅटऱ्या घे. खोडाला हात घालताना नेहमी भरलेलीच लाव, अर्धी वापरलेली फांद्यांना ठेव. हेल्मेटशिवाय झाडाखाली जायचं नाही. पळायची वाट आधी मोकळी करून ठेव.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. कापायचं तू. मी फाटकाशी उभा राहतो.

तुझाच,
धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलास हे सौ.च्या फोनवरून कळलं. राहिलेल्या फांद्या काल जाळल्या. बाकीच्या झाडांची साल नखाने खरवडून पाहिली, आतून हिरवी आहे. तिसऱ्या झाडानंतर दोन्ही बॅटऱ्या संपल्या आणि आपल्याला चहा पीत बसावं लागलं, हे तू सगळीकडे सांगत सुटशील, ते मला ठाऊक आहे. सांग खुशाल.

एक राहिलं. नर्स विचारत होती की त्या दिवशी बागेत कुणाचं भांडण चाललं होतं. पुढच्या वेळी एवढ्या मोठ्याने ओरडू नकोस. मला ऐकू येतं.

तुझी ताई