कलौंजीची तिसरी खेप

प्रिय मिहिर,

फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतोस, मी "ठीक" म्हणते, आणि तुझी मीटिंग लागते. म्हणून हे कागदावर. शेवटपर्यंत वाच, ऋतालाही वाचायला दे, सुनेलाही कळलेलं बरं.

माझ्या कॉलेजातला हर्षद तुला आठवत असेल, गोराईहून ताडगोळे आणायचा तो. त्याने तिथे औषधी बियांचे मोड विकायला सुरुवात केली आहे. मेथी, अळीव चटकन रुजतात. कलौंजी मात्र आठवडा घेते आणि निम्मी रुजतच नाही. मार्चमध्ये तो घरी आला तेव्हा मी म्हटलं, अरे, जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून बघ. वनस्पतीचंच संप्रेरक आहे ते, बी लवकर रुजतं. तो म्हणाला, "मग तूच बघ ना. बॉटनीत पहिली कोण आली होती?" लग्नानंतर मला हे कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून ओट्यावर माझे ट्रे मांडलेले असतात. ती पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी स्पिरिटचे चार थेंब लागतात. हे मला पुस्तक न उघडता आठवलं. एका ट्रेत साध्या पाण्यातल्या बिया, दुसऱ्यात संप्रेरकातल्या, शंभर-शंभर, ओल्या टिपकागदावर. रोज ठरल्या वेळी मोजायच्या. पहिल्या खेपेला सहाव्या दिवशी साध्या पाण्यात शेहेचाळीस रुजल्या, संप्रेरकात एकाहत्तर. दुसऱ्या खेपेला जवळपास तेच. तिसऱ्यांदा तसंच आलं की मोड तपासणीला जायचे होते: लोह आणि क जीवनसत्त्व खरंच वाढतं का, संप्रेरक किती उरतं. अहवाल येईपर्यंत कोणी ते तोंडात घालायचे नाहीत, असं मी हर्षदलाही बजावलं होतं. निकाल टिकला तर गोराईची रुजवणीची खोली आठवड्यातून तीन दिवस मी सांभाळावी, असं त्याचं म्हणणं. महिनाअखेर उत्तर हवं होतं.

मी हसून विषय बदलला. तुझ्या बाबांजवळ बसायला रुक्मिणी सकाळी दोन तास येते, तेवढ्यात भाजी, बँक, औषधं. एरवी दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. जानेवारीत बाबा एकटे शिंपोलीपर्यंत चालत गेले, तेव्हापासून. मी बाथरूममध्ये असले तरी दार वाजवतात आणि वसुधा कुठे गेली म्हणून मलाच, वसुधालाच, विचारतात. तू हॉलमध्ये कॅमेरा लावून गेलास. त्यात बघितलंस की तुला बाबा सुखरूप दिसतात. त्याच चित्रात मीही असते.

गेल्या गुरुवारी तिसऱ्या खेपेचा पाचवा दिवस होता. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर काही सही घ्यायला आले, दारातच दहा मिनिटं गेली. मी आत आले तर बाबा ओट्याशी उभे. दोन्ही ट्रे एका ताटलीत उपडे करून, वर मीठ आणि लिंबू पिळून, चमच्याने खात होते. मोड दिसले की लिंबू पिळायचं, एवढं त्यांना अजून नीट येतं. माझ्यापुढेही एक चमचा धरला.

डॉक्टरांना फोन केला. एवढ्याशा मात्रेने काही होत नाही म्हणाले, आणि झालंही नाही. पण तो फोन मी नंतर केला. आधी त्यांच्या हातातली ताटली ओढून घेतली आणि ओरडून विचारलं, "किती खाल्लेत? कुठल्या ट्रेमधले?" मला आकडा हवा होता, वहीसाठी. ते घाबरले. बोटांवर मोजू लागले, अकरापर्यंत आले, पुन्हा एकपासून सुरू केलं. मी चुकले हे लपवायचं नाही, म्हणून तुला लिहिते आहे. कुलपाआड राहून मी अशी झाले आहे, आणि आणखी वर्षभर असंच राहिलं तर कशी होईन याची मला भीती वाटते.

मी हर्षदला होकार कळवला आहे. तिसरी खेप गोराईतच करीन. एक तारखेपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सकाळी नऊला निघणार, सहाला परत. त्या दिवशी बाबांजवळ कोण असेल, ते आपण दोघांनी ठरवायचं. तुझा लॅपटॉप बेंगळुरूत चालतो तसा बोरिवलीतही चालतो. माणूस ठेवायचा, दिवसभर सांभाळणारं वृद्धांचं केंद्र बघायचं की तू यायचं, माझी कशालाच हरकत नाही. आईने जाऊ नये असं तुला वाटत असेल, तर तेही सांग. फक्त ते इथे येऊन, एक अख्खा दिवस त्यांच्याजवळ बसून मग सांग.

तुझीच, उत्तराची वाट पाहणारी,
आई