गिऱ्हाईक झालेले बाबा

बाबा, औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ज्यांनी गुडघे झिजवले, त्या सगळ्यांच्या वतीने मी आज गाऱ्हाणं मांडतेय, आणि ते आधी तुमच्यापुढे. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रात, जो फार्मासिस्ट असतो, तो अलीकडे गोव्यात आला की मदतनीस होतो. तेच हात, त्याच बाटल्या, डॉक्टरांचं तेच गिचमिड अक्षर. पगार मात्र अर्धा. कारण नोंदणी त्या राज्याची आणि दुकान या राज्यातलं. उद्याच्या सभेत हेच बोलायचंय. भाषण लिहायला बसले आणि लेखणी तुमच्याकडे वळली.

पेडण्याचं ते दुकान. मी सातवीत. शाळा सुटल्यावर तुमचा रिकामा डबा न्यायला येते आणि बघते, तर तुम्ही काउंटरच्या बाहेर उभे. अंगात पांढरा कोट नाही, हातात कुणाची तरी जुनी चिठ्ठी. आत तुमच्या स्टुलावर पणजीहून आलेला एक माणूस बसलाय, त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याचं प्रमाणपत्र. निरीक्षक वही चाळतायत. मी "बाबा" म्हणणार, तोच तुम्ही खोकलात. "माका खोकल्याचा औषद व्हया," तुम्ही म्हणालात. मालकही पक्का: "वायच राव रे, सायब आसात." स्टुलावरच्या माणसाने बाटलीसाठी भलत्याच खणात हात घातला. तुम्ही निरीक्षकाची नजर चुकवून मानेने खूण केलीत: डावीकडे.

वाटेत मी भांडले. "तुम्ही चोर आहात काय?"

"चोर कसलो गो बाय? कागद तेचो, हात माजे. हय असाच चलता."

"मग तुमचा कागद इकडे का आणत नाही?"

"राज्य झाला की बघुया."

गोव्याचं राज्य झालं. कोकणी-मराठीच्या वादात एकमेकांशी बोलायचे थांबलेले शेजारी त्या दिवशी एकमेकांच्या घरी पेढे घेऊन गेले. तुम्ही मात्र अर्ज केला नाहीत. विचारलं की एकच उत्तर, "कागद मुंबयक अडाकलो हा." मी मालकावर संशय घेतला, इकडच्या कचेरीवर घेतला, तिकडच्या कचेरीवर तर रोजच. त्या संशयावरच माझी भाषणं उभी राहिली. माझ्या बापाचा कागद कोणी अडवला, असं मी सभेत विचारायची आणि टाळ्या पडायच्या.

तुमचं बारावं उरकून मी नाक्यापलीकडे बांद्याला गेले होते. डोकं दुखत होतं म्हणून बाजारातल्या औषधाच्या दुकानात शिरले. गोळी घेताना वर पाहिलं, तर भिंतीवर तुम्ही. काळेभोर केस, टाय, फोटोखाली प्रमाणपत्राचा नोंदणी क्रमांक. हे कोण, म्हणून विचारलं.

"ते आमचे फार्मासिस्ट," दुकानदार म्हणाला. "जेवक गेले हत. येतले आता."

मी गोळीचे पैसे दिले. म्हणजे कागद अडकला नव्हता, टांगला होता. तो खाली उतरवल्याशिवाय इकडे आणता येत नव्हता, आणि तुम्ही उतरवला नाहीत. त्याच्या भाड्यातूनच माझं फार्मसीचं शिक्षण झालं असावं, असा मला संशय आहे. आईला मी कधी विचारलं नाही, आणि ती बांद्याची गोष्ट एकाही सभेत सांगितली नाही.

आणखी एक सांगायचंय. माझं प्रमाणपत्र डिचोलीच्या एका दुकानात आहे. मी सभांना फिरते, महिन्यातून एकदा सह्या करायला जाते. काउंटर सांभाळतात दोडामार्गचे एक गृहस्थ, दोन मुलांचे वडील. नोंदणी पलीकडची, पगार अर्धा. गेल्या आठवड्यात निरीक्षक येणार असा निरोप आला आणि मी धावत जाऊन स्टुलावर बसले. ते कोट काढून, चिठ्ठी घेऊन बाहेर उभे राहिले. निरीक्षकांनी एक औषध दाखवायला सांगितलं. मला सापडेना. त्या गृहस्थांनी मानेने खूण केली: डावीकडे.

हे पत्र घालायला तुमचा पत्ता नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलंय. याची शेवटची दोन वाक्यं तेवढी उद्या व्यासपीठावरून म्हणायची आहेत, आणि ती माझ्या तोंडातून फुटतील याचा मला अजून भरवसा नाही. मंडळी, तुमचा कागद दुसऱ्याच्या राबत्या हातांवर टांगलेला असेल, तर इथून घरी जाऊ नका. आधी त्या दुकानात जा आणि तो भिंतीवरून उतरवा.