सदतीस लाल बाण

३ जून, सोमवार
आजपासून लेखनवर्ग. वर्ग म्हणजे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, अकरा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या. शिकवणाऱ्या बाईंना लगेच दाखवून दिल्या. वर्गाला येण्याचं कारण स्वतःपुरतं नोंदवतो: बायकोला पत्र लिहायचं आहे. असं, की वाचून ती पहिल्या गाडीने परत यावी. ती लेकीकडे हवापालटाला गेली आहे. चार दिवसांसाठी. फेब्रुवारीत.

१० जून
बाईंनी जोड्या लावल्या. जोडीदाराचं लिखाण वाचून अभिप्राय द्यायचा. माझ्या वाट्याला इस्पितळातल्या एक सिस्टर. अभिप्राय मला काय शिकवणार! तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात चेकर होतो. दोष दिसला की त्यावर लाल बाणाचं स्टिकर. शिलाई सुटली, बाण. बटण सैल, बाण. माझ्या टेबलावरून वाकडी कॉलर कधी पुढे गेली नाही. निवृत्त होताना स्टिकरचे दोन रोल घरी आणले होते, ते आता कामी येतील.

११ जून, सकाळी ९
सिस्टरच्या चार पानांना सदतीस बाण. विषय: सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा सारखे खिडकी उघडा म्हणत; एका सकाळी खाट रिकामी. सुरुवात लांबलेली. आजोबांचं वय दिलेलं नाही. खिडकी सहा वेळा. एकूण माल दुरुस्तीला परत. सिस्टर जन्मभर नाव काढतील.

१७ जून
सिस्टरनी पानं पाहिली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. बराच वेळ पाणी पीत होत्या. भारावल्या असाव्यात.

२४ जून
सिस्टर गैरहजर. बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, कारखान्यात तुमच्यापुढे शर्ट शिवून झालेला यायचा, इथे माणूस अजून शिवतोय. दोष दाखवा, पण आधी वाचा. म्हणजे मला वाचता येत नाही की काय! हातात तीन ओळींचा कागद दिला. काय लक्षात राहिलं? कुठे अडखळलात? आणि एक असा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही. स्टिकरला बंदी. स्वाभिमानी माणसाने वर्ग सोडला असता. पण पत्र व्हायचंय.

२५ जून
ठराव: रोज पेपरातल्या एका बातमीवर सराव.

२६ जून
पेपरवाला आला नाही.

१ जुलै
सिस्टर आल्या. त्यांना कागद भरून दिला. लक्षात राहिलं: पांघरुणाबाहेर आलेले आजोबांचे पाय. (हे आधी दिसलेच नव्हते. त्या ओळीवर बाण होता.) प्रश्न सुचेना, जागा भरायची म्हणून लिहिलं: शेवटी खिडकी उघडली कोणी? सिस्टर वाचून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, कोणीच नाही. ‘आलेच हं, आजोबा,’ असं म्हणून मी गेले ती गेलेच. नेमकं तेच लिहायची हिंमत होत नव्हती. बाई म्हणाल्या, याला म्हणतात अभिप्राय.

तीन आठवड्यांत विषय हातात आला. घरी आलो ते हे सांगायला चपलांसकट थेट स्वयंपाकघरात. तिथे कोणी नव्हतं. थोडा वेळ ओट्याला टेकून उभा राहिलो.

८ जुलै
पत्र तयार. जाताना तिने फ्रिजवर चिठ्ठी ठेवली होती, तिला मुद्देसूद उत्तर दिलंय. चिठ्ठीत मला तेव्हाच नऊ दोष सापडले होते. तारीख नाही. ‘तुम्ही माझं ऐकत नाही’ हे दोनदा. जागा न पुरल्याने शेवटची ओळ कडेला उभी कोंबलेली. नऊही ठिकाणी बाण लावून चिठ्ठी जपून ठेवली आहे. परत आली की दाखवीन. पत्रात स्वयंपाकघरात गेलो होतो ती एक ओळ उगाच शिरली आहे, ती नंतर काढू. पत्र सिस्टरना वाचायला दिलं. पुढच्या सोमवारी कौतुक होणार, म्हणून निळ्या शर्टाला इस्त्री.

१५ जुलै
सिस्टरचा अभिप्राय. लक्षात राहिलं: चपलांसकट स्वयंपाकघरात गेलात ते. अडखळले: नऊ दोषांपाशी, नऊ वेळा. प्रश्न: कडेच्या ओळीत त्यांनी काय लिहिलं होतं?

सांगायला तोंड उघडलं. आठवेना. आठवेल कसं, ती मी वाचलीच नव्हती. वाकडी दिसली, बाण लावला, संपलं. सिस्टरनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. बराच वेळ पाणी प्यायलो.

१५ जुलै, संध्याकाळी ७
बाण सोलला. पाच महिन्यांचा गोंद, कागदाचा पापुद्रा निघाला. अक्षरं शाबूत. ‘लेक कायमची ये म्हणते. रविवारपर्यंत तिला उत्तर देत नाही. तुम्ही नको जाऊस म्हणालात तर परत येईन.’

त्या रविवारी मी काय करत होतो? रोजनिशीतलं फेब्रुवारीचं पान काढून पाहिलं. एवढंच लिहिलंय: ‘फ्रिजच्या दाराचं रबर सैल. बाण लावला.’

खूप रडलो. इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

१६ जुलै, सकाळी १०
फोन केला. लेकीने उचलला आणि सरळ आईकडे दिला. म्हटलं, चिठ्ठी वाचली. तिने विचारलं, कधी. म्हटलं, काल. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, त्या रविवारी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसले होते. सोमवारी लेकीला हो म्हटलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नको जाऊस म्हणायला आता ती जाऊन पाच महिने झालेत. तिने विचारलं, नाश्ता केलात का. हो म्हटलं, खोटंच. ठेवते म्हणाली आणि ठेवला.

तीन ओळींचा कागद समोर होता. शेवटच्या जागेत सकाळीच लिहून ठेवलं होतं: तू कशी आहेस?

विचारायचं राहिलं.