डिंकाखाली गेलेली ओळ

धुळे, ता. १८ जानेवारी १९८८

चि. कुमुद हिस नानाकाकाचे अ. उ. आ. वि. वि.

एक तक्रार आधी नोंदवून घे, ख्यालीखुशाली मागाहून. अंतर्देशीय पत्रावर टपाल खात्याने डिंकासाठी राखलेल्या पट्टीवर मजकूर लिहिण्याची मुभा तुला कोणी दिली? जुन्या इमारती जतन करण्याचं शास्त्र शिकायला तू दिल्लीला गेलीस. तिथे कागद जतन करायला शिकवत नाहीत असं दिसतं. उघडताना शेवटची ओळ फाटून गेली. उरलं ते एवढंच, की तुमचे सर बऱ्हाणपूरला येणार, तिथून आमची संस्कृत पाठशाळा पाहायला धुळ्याला येणार, आणि "त्याआधी पाठशाळेला". पुढे भोक.

पोथ्यांत अशी भोकं असतातच. मागचापुढचा संदर्भ पाहून गळलेला पाठ भरायचा, हे मी तीस वर्षं शिकवतो आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर घरंदाज माणूस दुसरं काय लिहील? चिंधा गवंड्याला बोलावलं, भिंतींचा खालचा ओलसर चुना खरवडला आणि सिमेंटचा गिलावा करून घेतला. सागवानी खांबांना ऑइलपेंट दिला. आमचे चिटणीस झुलालशेठ यांच्या दालमिलच्या फाटकाचा हिरवा उरला होता. पाठशाळा आता बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी दिसते. चिंधा तेवढा जाताना पुटपुटला, की नाना, भित आतून बठ्ठी वली शे. भिंत आतून सगळी ओली आहे, हे मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अठ्ठावीस फेब्रुवारीला संस्थेची सभा आहे. पाठशाळा पाडून दुकानांचे गाळे काढायचे की नाही ते त्या दिवशी ठरेल. झुलालशेठ गाळ्यांचे; मी एकटा पाठशाळेचा. तुझ्या सरांनी इमारत चांगली आहे असं लिहून दिलं तरच निभाव लागेल.

जळगावला तुझ्या आईबाबांचं क्षेम आहे. काकू ठेवणीतल्या बिबड्या पाठवते आहे. त्या खा, जतन करू नकोस.

आहे तो लोभ पत्राच्या लांबीवर मोजू नये.

तुझा,
नाना

*

दिल्ली, ता. २५ जानेवारी १९८८

ती. नानांस कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

पट्टीवर लिहिलं, कान धरते. तिथे होतं ते असं: कुणालाही हात लावू देऊ नका.

नाना, तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग वसतिगृहाच्या पायरीवर बसून राहिले. भिंत विटाचुन्याची आहे. जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. सिमेंट ती कोंडून धरतं. मग ती वर चढते आणि तुळयांची टोकं कुजवते. सरांनी अशी भिंत पाहिली तर झुलालशेठना आयता पुरावा मिळेल.

सरांना वीस फेब्रुवारीपर्यंत थांबवलं आहे. कारण विचारलं तेव्हा एका विद्वानांनी पाठ भरला आहे, असं सांगितलं. चिंधाकडून सिमेंट छिन्नीने हळूहळू काढून घ्या, भिंत उघडी वाळू द्या. खांबांचा रंग राहू दे, तो मी आल्यावर काढीन.

परीक्षेनंतर सरांनी इथेच दोन वर्षांचं काम देऊ केलं आहे, एका जुन्या सराईच्या दुरुस्तीचं. फार मनात आहे. अजून हो म्हटलेलं नाही.

बिबड्या मुलींनी दोन दिवसांत संपवल्या. काकूंना नमस्कार. रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची,
कुमुद

*

धुळे, ता. २ मार्च १९८८

चि. कुमुद हिस अ. उ. आ. वि. वि.

अकरा दिवस सिमेंट काढलं. निम्मं चिंधाने, निम्मं मी. माझं अक्षर बरं आहे पण छिन्नी अशुद्ध चालते, असा त्याचा अभिप्राय पडला. धोतराचं काय झालं ते काकूला विचारू नकोस.

तुझे सर आले. वैद्य नाडी बघतो तशी भिंत बोटांनी वाजवून पाहिली आणि चार पानं लिहून दिली. इमारत सुदृढ आहे. मात्र दोन वर्षं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दुरुस्ती हवी. हिरव्या खांबांबद्दल ते सज्जन गृहस्थ काही बोलले नाहीत.

सभेत झुलालशेठनी विचारलं, की असा जाणता माणूस धुळ्यात आणायचा कुठून. मी उभा राहिलो आणि तुझं नाव सांगितलं. गाळे दोन वर्षं पुढे गेले. झुलालशेठनी स्वतः चहा मागवला.

काकू आशीर्वाद सांगते. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
नाना

ता. क. ही ओळ पट्टीपासून चार बोटं लांब लिहितो आहे. "मी आल्यावर" एवढंच तू लिहिलं होतंस. तिथे भोक नव्हतं, तरी मी ते भरलं, आणि सराईचं वाचलेलं असताना भरलं. सभेला खरं काय ते मी सांगू शकतो. तू नाही म्हणालीस तर पाठशाळा जाईल, याची भीती मला फारशी नाही. केवळ माझ्यासाठी तू हो म्हणशील, या भीतीने तीन रात्री झोप नाही.