मुंगीलाही धक्का न लावणारी गाडी

१४ जुलै २००३, सोमवार. आळेफाटा
नवी वही. जुनी संकल्पांनी भरली. आजपासून रोज साडेपाचला उठणे. दोन तास गाडीचं काम, मग दुकान.

गाडी म्हणजे आपली आपण चालणारी, ड्रायव्हर नसलेली गाडी. मागच्या गोदामातून अंगण ओलांडून दुकानात पोती आणेल. अंतर बावीस पावलं. गेली एकोणीस वर्षं ही बावीस पावलं भिमाजीभाऊ पाठीवर पोतं घेऊन चालतात. गुळाच्या ढेपांपाशी त्यांचा तोल जरा डावीकडे जातो, हे मी नोंदवून ठेवलंय. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओझं बंद करा, नाहीतर पाठ कायमची जाईल. पप्पा म्हणाले, मग दुसरा हमाल बघावा लागेल.

मी मध्ये पडलो. भिमाजीभाऊंना शब्द दिला, दसऱ्यापासून तुमच्या पाठीला एक पोतं लागणार नाही, तुम्ही फक्त बटण दाबायचं, पगार तोच. म्हणाले, "तुमी म्हनताय तर व्हईल, कल्पेशशेठ."

शेवटी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे मी.

१५ जुलै
सव्वासातला उठलो. रात्रभर लाइट नव्हती, गजर वाजला नाही. (घड्याळ सेलवर चालतं. पण तरी.)

२० जुलै
सायबर कॅफेत दोन तास. जन्माचं काम सापडलं. फॉर्मल व्हेरिफिकेशन! मशीन चालवून बघायचंच नाही. आधी गणिताने सिद्ध करायचं की ते चुकणारच नाही. परदेशात विमानं, रोबो, सगळ्यांचं असं करतात. शंभरदा चालवून बघितलं तर शंभरदा चुकलं नाही एवढंच कळतं. एकशेएकाव्या वेळेचं काय?

पप्पा म्हणाले, एकदा चालवून तर बघ. त्यांना सगळं समजावलं. ते तूरडाळ तोलत होते. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं.

२१ जुलै
पद्धत सोपी. जितक्या परिस्थिती येऊ शकतात तितक्या लिहायच्या आणि प्रत्येकीत गाडी कुणाला धडकत नाही हे दाखवायचं. गाडी उभी की चालू. भरलेली की रिकामी. समोर माणूस आहे की नाही. जमीन ओली की कोरडी. दार उघडं की बंद. एकूण बत्तीस. एकीला एक पान. आठवड्याचं काम.

२ ऑगस्ट
सावळारामच्या गॅरेजात सांगाडा तयार. मजबूत कर म्हणालो होतो, त्याने ट्रकची जुनी लोखंडी चॅनेल वापरली. बॅटरी धरून वजन एकशे दहा किलो. विचारत होता, "ह्यावर तोफ ठिवायची का, राव?"

भिमाजीभाऊंनी घरी सांगितलंय की ते आता ड्रायव्हर होणार. त्यांच्या बायकोने, बयाबाईंनी, गाडीला बांधायला लिंबू-मिरची पाठवली. बांधली. गणितात काही फरक पडत नाही.

६ ऑगस्ट
पान एकोणीस. आईने विचारलं, माणसाला धडकणार नाही हे ठीक, पण मुंगी चिरडली तर? आम्ही जैन, चातुर्मास चालू आहे, ती स्वतः खाली बघून चालते. वर म्हणाली, भिमाजीने एकोणीस वर्षांत एक मुंगी पायाखाली घेतली नाही. मी हसलो. पण प्रश्न रास्त आहे. मुंगी आहे, मुंगी नाही. म्हणजे प्रत्येक पानाची दोन पानं. चौसष्ट.

९ ऑगस्ट
खुशबूने विचारलं, गोदामातल्या मांजरीचं काय? एकशे अठ्ठावीस. लग्नाआधी ही इतके प्रश्न विचारत नव्हती.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. जिलेबी. पप्पांनी सहज विचारलं, मध्येच बॅटरी उतरली तर? दोनशे छप्पन्न. आजपासून घरात गाडीविषयी प्रश्न विचारायला बंदी. तशी पाटीच लावली.

भिमाजीभाऊ दुपारी पायरीवर बसले होते. कमरेला पट्टा. अजून किती पानं राहिली, म्हणाले. थोडी, म्हणालो. तेवीस झालीत.

३१ ऑगस्ट
संवत्सरी. आईचे आठ उपवास पूर्ण. सगळ्यांची क्षमा मागितली. भिमाजीभाऊंचीही मागितली, उशीर होतोय म्हणून. म्हणाले, "न्हाई वो, तुमी निवांत करा. पाठ हाय, जाती कुटं?" त्यांच्या मनाचा मोठेपणा. खूप बरं वाटलं.

उद्यापासून साडेपाच. नक्की.

१२ सप्टेंबर, सकाळी ११
सुटलं! आंघोळ करताना सुचलं. दोनशे छप्पन्न पानांची गरजच नाही. एकच नियम पुरे. शंका आली की थांब. पुढे जमिनीलगत प्रकाशाचा एक झोत, त्यात काहीही आडवं आलं, माणूस, मांजर, मुंगी, की ब्रेक. बॅटरी उतरली तरी ब्रेक. सिद्धता अर्ध्या पानात संपली. त्यातही निम्मी जागा सहीने घेतली.

शिवाय ब्रेक हाताने सुटणार नाही अशी सोय केली. घाईत माणूस काहीही करतो. माणसावर विसंबायचं नाही.

खुशबूने वाचलं. बी.कॉम. आहे. म्हणाली, ही थांबेल हे समजलं, पण चालेल असं कुठे लिहिलंय? तिला पाटी दाखवली.

५ ऑक्टोबर, दसरा
सविस्तर लिहितो, पुढे उपयोग होईल.

साडेनऊला पूजा. आईने हळद-कुंकू वाहिलं, पुढे झेंडूचा हार घातला. सावळाराम आला होता, समोरच्या हॉटेलचे गेणभाऊ आले होते. भिमाजीभाऊ नवीन टोपी घालून. गाडीवर साखरेचं एक पोतं ठेवलं. त्यांनी बटण दाबलं.

गाडी हलली नाही. बरोबरच होतं, हार झोतात लोंबत होता. हार काढला. मग नारळाची शेंडी. ती उचलली. मग झेंडूची एक पाकळी. मग माशी. माशी गेली, दुसरी आली. मग काहीच नव्हतं तरी गाडी उभीच. झोताच्या काचेवर गुळाची धूळ बसली होती. किराणा दुकान आहे, धूळ असणारच.

पाऊण तास. गेणभाऊ पेढा खाऊन गेले. जाताना म्हणाले, "गाडी लई गरीब हाय." एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. एकाही मुंगीला धक्का लागला नाही. सिद्धता शंभर टक्के खरी ठरली.

चारला साखरेचा ट्रक आला. भिमाजीभाऊंनी टोपी काढून खिळ्याला लावली आणि पोत्याखाली वाकले. मला बघवेना. मी आत जाऊन बसलो.

८ ऑक्टोबर
गाडी गोदामाच्या दारात अडकलीये. दिवाळीचा माल यायचाय. पप्पा म्हणाले, हलव. ढकलली. हलेना. ब्रेक हाताने सुटत नाही. (अर्धं पान, चौथी ओळ.)

उचलायचं ठरलं. एका बाजूला सावळाराम आणि मी, दुसऱ्या बाजूला भिमाजीभाऊ. मी नको म्हणालो होतो. बहुतेक म्हणालो होतो. अर्ध्या वाटेत पकड नीट घ्यावी म्हणून मी हात क्षणभर सोडला. त्या क्षणी सगळं वजन त्यांच्याकडे गेलं. ओरडले नाहीत, फक्त खाली बसले आणि उठले नाहीत.

टेम्पोतून नारायणगाव. तीन महिने सपाट पडून राहायचं. ओझं या जन्मात नाही.

१० ऑक्टोबर
भिमाजीभाऊंकडे गेलो. बयाबाईंनी चहा दिला. भिमाजीभाऊंनी पडल्या पडल्या विचारलं, "आता पोती कोन आनतंय?" म्हणालो, बघतोय. मी उठलो तेव्हा म्हणाले, "खाली बगून चालाया सांगा त्याला."

घरी आलो. पप्पा म्हणाले, भिमाजीचा पगार चालू राहील, तू शब्द दिला होतास. नवीन हमालाचं विचारलं तर त्यांनी गोदामाची किल्ली माझ्यासमोर सरकवली.

१३ ऑक्टोबर
साडेपाचला उठलो. ट्रक सहाला येतो.

नऊ पोती. कंबर, खांदे, मान. भिमाजीभाऊंच्या पाठीला आता एकही पोतं लागत नाही, असं वाक्य लिहिलं होतं. खोडलं. लाज वाटली. त्यांची पाठ मी घालवली.

पोतं पाठीवर असलं की मान वर होत नाही. सगळी वाट नुसती जमीन दिसते. गुळाच्या ढेपांपाशी मुंग्यांची रांग आहे. भिंतीतून येते, वाट ओलांडून पलीकडे जाते, जुनीच असावी. भिमाजीभाऊ तिथे डावीकडे व्हायचे.

मीही झालो. तेवीस पावलं भरली.